एक गढूळ चालतं

माझ्या साक्षगंधाच्या दिवशी मांडवात सगळ्यात मानाच्या वस्तू म्हणजे काचेच्या दोन नळ्या होत्या. सुपारी, कुंकू, साडी, नारळ हे सगळं ताटात बाजूला वाट बघत बसलं होतं. डोमाजी गुरुजींनी धोतराचा सोगा मांडीखाली सारला, चष्मा पुसला आणि आधी आपल्या मुलाचं बोट हातात घेतलं.

"हेमराज, बोट ढिलं सोड. पाना धरल्यावानी काहून आवळतो?"

मांडवातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. गुरुजींनी टोचलं, थेंब नळीतल्या औषधाच्या पाण्यात सोडला, नळी हलवली आणि लाकडी घोडीवर उभी केली. मग माझं बोट. त्यांचा हात मऊ होता आणि टोचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून मला फारसं लागलं नाही.

नळ्यांच्या मागे त्यांनी काळ्या शाईच्या जाड रेघा ओढलेला पुठ्ठा ठेवला. सगळा मांडव पुढे सरकला. हेमराजच्या नळीतलं पाणी ताकात कुंकू कालवल्यासारखं झालं. मागची एकही रेघ दिसेना. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. माझी नळी लाल सरबतासारखी नितळ राहिली.

"दिसते गा," लहानू पाटील वाकून म्हणाले. "रेघ न रेघ दिसते."

गुरुजी उभे राहिले. वर्गात फळ्याकडे पाठ करून बोलावं तशा आवाजात म्हणाले, "एक गढूळ चालतं. दोन गढूळ चालत नाहीत." आणि मग सुपारी फुटली.

आमच्या भागात, तुमसरच्या आसपासच्या गावांत, हा रिवाज गुरुजींनीच पाडला होता. आमच्याकडे सिकलसेल घरोघर. ज्याच्या रक्तात ते अर्धं असतं, तो माणूस धडधाकट असतो, शेती करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. त्याची नळी तेवढी गढूळ होते. पण अशी दोन माणसं नवरा-बायको झाली, तर त्यांच्या एखाद्या लेकराला दोन्हीकडून ते मिळतं. मग त्या लेकराच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, जागोजागी अडकतात, आणि हाडं अशी दुखतात की किंकाळ्या ऐकवत नाहीत म्हणून शेजारपाजारचे लोक घरं सोडून दूर जाऊन बसतात. गुरुजींची थोरली मुलगी यशोदा अशीच गेली. नवरा-बायको दोघेही गढूळ होते, हे त्यांना ती गेल्यावर कळलं.

त्यानंतर गुरुजी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन ही तपासणी शिकले. सुरुवातीला लोक त्यांना दारातूनच परत पाठवायचे. "पोरीचं स्थळ पाहाले आले का रक्त प्याले?" असं एकानं तोंडावर विचारलं होतं. पण दोन-तीन घरांत ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं जे झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. हळूहळू पत्रिका मागे पडली आणि नळी पुढे आली. मी मोठी झाले तोवर नळी पाहिल्याशिवाय सुपारी फोडणं हा अपशकुन मानला जायचा.

जेवणं चालू असताना हेमराज मला मागच्या अंगणात, भाताच्या तणसाच्या ढिगाशी गाठून बोलला. तो आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स शिकवायचा. मी नागपूरला एम.एस्सी. करत होते.

"तू नागपूरले काय शिकतेस ते एका वाक्यात सांग," तो म्हणाला. "माय विचारते आणि मले सांगता येत नाही."

"अमिनो आम्लं."

"हे वाक्य झालं का?"

मग मी त्याला सांगितलं. आपल्या अंगातली प्रथिनं वीस जातींच्या अमिनो आम्लांची बनतात. कणा सगळ्यांचा सारखा, वेगळी असते ती बाजूला लोंबणारी साखळी. कुणाच्या साखळीवर ऋण भार असतो, कुणाच्या धन. काहींवर भार नसतो, पण त्यांचं पाण्याशी पटतं. आणि काही तेलकट, पाणी दिसलं की तोंड फिरवून आपापसांत घोळका करणारी.

"म्हणजे आमच्या आत्या," हेमराज म्हणाला. मग त्यानं विचारलं, "माझ्या रक्तात यांच्यातलं काय बिघडलं आहे?"

"एका जागी ग्लुटामिक आम्ल पाहिजे. त्याच्यावर ऋण भार असतो. तुमच्या अर्ध्या हिमोग्लोबिनमध्ये तिथं व्हॅलीन आलं आहे. त्याले भार नाही, आणि ते तेलकट. प्राणवायू निघून गेला की ते शेजारच्या कणाले जाऊन चिकटते. तो आणखी पुढच्याले."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं तणसाची एक काडी मोडली. "एवढ्यासाठी ताई गेली," तो म्हणाला.

तोवर हेमराज मला पसंत होता, इतकंच. त्या वाक्यानंतर तो मला आवडायला लागला. लग्न उन्हाळ्यात परीक्षेनंतर करायचं ठरलं होतं आणि मी नागपूरला परतले ती मनातल्या मनात घर मांडतच.

आमच्या किंखेडे मॅडमचा एक नियम होता. दुसऱ्याचं रक्त हातात घ्यायचं तर आधी स्वतःचं तपासायचं. "लोकांना सुई टोचायला सगळे शूर असतात," त्या म्हणायच्या. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकानं आपापलं रक्त आणलं होतं. कागदासारख्या पातळ पट्टीच्या एका टोकाला थेंब लावायचा, पट्टीत वीज सोडायची आणि थांबायचं. ज्याच्यावर ऋण भार जास्त, ते धन टोकाकडे लवकर धावतं. साधं हिमोग्लोबिन पुढे जातं. सिकलच्या हिमोग्लोबिनचा ऋण भार कमी झालेला असतो म्हणून ते मागे रेंगाळतं. शेजारी तुलनेसाठी दवाखान्यातून आणलेला सिकलचा नमुना लावलेला असायचा.

पट्टी रंगवून धुतली. सगळ्यांच्या पट्टीवर एकेक पट्टा होता. माझ्या पट्टीवर दोन होते. एक सगळ्यांच्या बरोबर पुढे, आणि एक मागे, दवाखान्यातल्या सिकलच्या अगदी रांगेत.

मॅडमनी पट्टी उजेडाकडे धरली. "हा नमुना कोणाचा?"

"माझा."

"अदलाबदल झाली असेल. पुन्हा चालव."

मी पुन्हा बोट टोचलं, पुन्हा चालवली. मागचा पट्टा जिथल्या तिथे. दोन गढूळ चालत नाहीत, हे वाक्य मी लहानपणापासून पाढ्यासारखं ऐकत आले होते.

"पण मॅडम, नळीत रेघा दिसल्या होत्या," मी म्हणाले आणि मांडवातली सगळी हकीकत सांगितली. मांडवातला पुठ्ठा ऐकून वर्गातली मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

"नळी आण," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेतही नळी नितळच राहिली. मॅडमचा चेहरा उजळला. माझ्या दुर्दैवात त्यांना रस वाटू लागलेला मला स्पष्ट दिसत होता, पण त्याचा राग आला नाही. शिकवणाऱ्या माणसाचं तेवढं चालायचंच.

"मला सांग, कुंदा, पट्टीला काय कळतं?"

"भार."

"फक्त भार. आणि नळीला?"

"चिकटणं. तेलकट साखळ्या एकमेकींना चिकटल्या की नळी गढूळ होते."

"आता विचार कर. तुझ्यात ग्लुटामिकचा भार गेलेला दिसतो, पण तेलकटपणा काही आलेला नाही. मग त्याच्या जागी कोण येऊन बसलं असेल?"

तोंडी परीक्षेत द्यावं तसं उत्तर मी देऊन टाकलं. "ग्लुटामिन. दिसायला तसंच, पण भार नाही. आणि पाण्याशी पटतं."

"शाबास," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी, सिकल आणि त्याच्यासारखे दिसणारे वेगळे पाडणाऱ्या आम्लाच्या जेलवर नमुना चालवला. तिथे सिकलचा पट्टा वेगळा पडला आणि माझा साध्या हिमोग्लोबिनला जाऊन मिळाला. मुंबईला पाठवलेल्या नमुन्याचंही तेच उत्तर आलं. माझ्या रक्तात सिकल नव्हतं. अर्धं हिमोग्लोबिन डी नावाचं होतं. ग्लुटामिकच्या जागी ग्लुटामिनच, पण प्रथिनातल्या दुसऱ्याच ठिकाणी.

मला रडू आलं. "म्हणजे सिकल नाही ना, मॅडम?"

"नाही. डीने तुला काही होणार नाही. म्हातारी होऊन सुनांना छळशील." मग त्यांनी सहज विचारलं, "होणाऱ्या नवऱ्याची नळी कशी होती म्हणालीस?"

"गढूळ."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मला बसायला सांगितलं, आणि आधी स्वतः बसल्या.

"डी एकटं कुणाला त्रास देत नाही," त्या म्हणाल्या. "पण बापाकडून सिकल आणि आईकडून डी, असं एका मुलात आलं, तर ते मूल सिकलचंच धर. सिकलचे कण एकमेकांना चिकटतात ना, तेव्हा डी त्यांना अडवत नाही, उलट हातभार लावतं."

"किती मुलांत?"

"चारात एक. आणि प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक. पहिलं चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची खात्री नाही." गर्भातच तपासायची सोय मुंबईला असल्याचं त्या म्हणाल्या. त्या वेळी आम्हाला ते चंद्रावर असल्यासारखंच होतं.

मी घरी जाण्याआधी खैरटोल्याला, गुरुजींच्या घरी गेले. लग्नाआधी मुलगी एकटी सासरी येते हे पाहून गल्लीतल्या बाया दारात आल्या. हेमराजची आई सत्यभामाबाई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी माझं सगळं बोलणं परीक्षकासारखं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. हेमराज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"हे जे तुझ्या रक्तात आहे, त्यानं नळी कधीच गढूळ होणार नाही?" गुरुजींनी विचारलं.

"नाही, मामाजी."

"म्हणजे माझ्या नळीनं तुला पाहिलंच नाही."

"अर्धं पाहिलं. नळीले चिकटणारंच दिसते. भार गेलेला दिसत नाही."

"असे आणखी किती असतील?"

"फार थोडे. आपल्याकडे क्वचित सापडते, असं मॅडम म्हणाल्या."

ते उठले, अंगणात गेले, परत आले. "बाई, लोकांना मी एकच वाक्य शिकवलं आहे," ते म्हणाले. "ते शिकवायला माझा जन्म गेला. त्यात 'पण' घातलं की ते वाक्यही विसरतील. उद्या सगळे म्हणतील, गुरुजीची नळी खोटी, आणि बोट पुढे करणार नाहीत. आणि तुझ्या मागे लहान बहीण आहे. या घराण्याच्या रक्तात काहीतरी आहे, एवढंच गावाच्या लक्षात राहील."

"मग काय करायचं?"

"तिथी काढायच्या दिवशी सगळ्यांसमोर दोघांचं रक्त एकाच नळीत घालू. गढूळ होईल. मी सांगीन, दोघांचं वेगवेगळं चांगलं आहे, पण एकमेकांत जुळत नाही. दोष कोणाचाच नाही. सुपारी परत."

"मामाजी, यांचा थेंब ज्याच्यात घालाल ते गढूळच होईल. दुसरं रक्त नसलं तरी होईल."

"मला माहीत आहे. मागे एकदा घरी करून पाहिलं आहे."

"मग हे खोटं आहे."

"निकाल खरा आहे ना? तुमचं लग्न व्हायला नको, हे खरं आहे ना? मग लोकांना समजेल अशा रीतीनं सांगितलं तर काय बिघडलं?"

माणूस खोटारडा नव्हता. आयुष्यभर नळीनं जे सांगितलं तेच त्यानं सांगितलं होतं, अप्रिय असलं तरी. आणि आता नळीची अब्रू राखायला तो पहिल्यांदाच खोटं बोलायला निघाला होता. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी भीतीही वाटली.

"पुढच्या लग्नात कोणी म्हटलं, आमचंही मिसळून पाहा, मग?" मी विचारलं.

"कोण म्हणणार आहे?" गुरुजी म्हणाले.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते राइस मिलमध्ये फिटर होते. बिघडलेलं यंत्र चालू करणं एवढाच त्यांचा स्वभाव. "गुरुजीचं ऐक," ते म्हणाले. "सुंठीवाचून खोकला जाते. धाकट्या प्रमिलाले पुढच्या वर्षी उजवाचं आहे." मायनं साक्षगंधाची साडी घडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवली.

तिथीच्या दिवशी पुन्हा तोच मांडव, तीच माणसं. गुरुजींनी दोन्ही थेंब एका नळीत सोडले. नळी गढूळ झाली. पुठ्ठ्यावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या.

"जुळत नाही," गुरुजी म्हणाले. "पोरीचा दोष नाही, पोराचा दोष नाही. जुळत नाही."

लोक हळहळले. लहानू पाटलांनी मान हलवली. सगळं सुरळीत पार पडत होतं, तेवढ्यात मायची चुलतबहीण रुखमामावशी पुढे आली. तिच्या मुलीचं, सुनंदाचं लग्न खापा गावच्या एका गढूळ नळीच्या पोराशी ठरलं होतं. मुलीची नळी नितळ होती. पोरगा शिक्षक होता आणि सुनंदाचे पाय महिनाभर जमिनीवर नव्हते.

"गुरुजी, उद्या आमच्या घरी या," मावशी म्हणाली. "आमच्या सुनंदाचंबी त्या पोराच्या रक्तात मिसळून पाहा. असं असते हे आधी मालूम असतं त सुपारीच नसती फोडली."

"आमच्याबी घरी या, गुरुजी," मागून कोणीतरी म्हणालं.

गुरुजींनी नळी खाली ठेवली. सुनंदा मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प बस म्हणून सांगितलं.

"मिसळून काही कळत नाही, मावशी," मी म्हणाले.

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"यांचं रक्त कोणातही मिसळलं तरी गढूळच होते. सुनंदाच्या होणाऱ्या नवऱ्याचंही होईल. त्याचा काही अर्थ नाही."

"मंग गुरुजी खोटं सांगून राह्यले का?" लहानू पाटलांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

हेमराज उठला. आतापर्यंत तो खाली मान घालून बसला होता. त्यानं सरळ पाटलांपुढे जाऊन सुई धरली.

"पाटील, बोट द्या."

"माह्यं काहून?"

"माझं तुमच्याशी जमते का पाहू."

कोणीतरी खुदकन हसलं. पाटलांची नळी नितळ होती, हे गावाला माहीत होतं. त्यांनी बोट दिलं. हेमराजनं नव्या नळीत आधी त्यांचा थेंब सोडला, मग आपला. सगळे पुठ्ठ्याकडे बघत बसले. नळी गढूळ झाली.

"नाही जमत, पाटील," हेमराज म्हणाला. "तुमचा हुंडा वाचला."

मांडव हसला, पाटीलही हसले. मग हेमराजनं तिथी काढायला आलेल्या भटजींचं बोट मागितलं. भटजी नको नको म्हणत मागे सरकले, पण पोरांनी त्यांना धरून पुढे आणलं. त्यांच्याशीही जमलं नाही. हसता हसता लोकांना हळूहळू समजत गेलं आणि हसू आपोआप ओसरलं.

"मावशी, सुनंदाचं काही बिघडलं नाही," हेमराज म्हणाला. "ज्याची त्याची नळी वेगळी पाहायची. तीच रीत खरी."

मग सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. ते उभे राहिले. त्यांचा वर्गातला आवाज त्या दिवशी निघाला नाही.

"नळीनं आजवर खोटं सांगितलं नाही," ते म्हणाले. "आज मी सांगितलं. नळीला एकच गोष्ट दिसते. या मुलीच्या रक्तात दुसरी एक गोष्ट आहे. तिला तिचा काही त्रास नाही. हिचं लग्न गावात कोणत्याही नितळ नळीच्या मुलाशी करा, काही होणार नाही. गढूळ नळीशी मात्र करता येत नाही. ते नळीला दिसलं नाही, नागपूरच्या पट्टीला दिसलं. यापुढे जिथे एक गढूळ असेल, तिथे दुसऱ्याचं रक्त नागपूरला जाईल. नेऊन देणं माझं काम. सुनंदाचंही मी नेईन." एवढं बोलून ते बसले आणि पुठ्ठा घेऊन उगाचच त्यावरची धूळ झटकत राहिले.

गुरुजींना वाटलं होतं तसं काही झालं नाही. कोणी नळीला खोटं म्हटलं नाही. पाटील एवढंच म्हणाले, "मंग नागपूरचा खर्च गाव करन."

माणसं पांगल्यावर हेमराज मला मागच्या अंगणात भेटला.

"मला मूल नसलं तरी चालेल," तो म्हणाला. "आपण करू लग्न."

मी काही बोलायच्या आत सत्यभामाबाई तिथे आल्या. पाय धुवायला आल्या होत्या की मुद्दाम, कोण जाणे. त्यांनी मुलाला ओरडलं नाही.

"यशोदाच्या वक्ती तू लहान होतास," त्या म्हणाल्या. "तिनं दुखण्यापायी उशीची खोळ दातानं फाडली होती. मी तिचे पाय धरून बसत होती. आज तुमी म्हनता लेकरू नको. उद्या पोटात आलं, तर मले सांगा, मी काय करू? पुन्हा पाय धरून बसू?" तांब्या खाली ठेवून त्या निघून गेल्या.

हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

मूल नको हे आम्ही ठरवू शकलो असतो. तसं ठरवून लग्न करणारे आहेतही, पुढे मला बरेच भेटले. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते, मला मुलं हवी होती आणि हेमराजलाही हवी होती. मूल नको म्हणून तो किती वर्षं टिकेल, आणि मी तरी किती टिकेन, ते मला कळत नव्हतं. ज्या नमुन्याशी माझी पट्टी जुळवून पाहिली होती, तो ज्या मुलाचा होता त्याला मी दवाखान्यात पाहिलं होतं. पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता.

"नको," मी म्हणाले.

"बरं," हेमराज म्हणाला. भांडला नाही. त्यानं थोडं तरी भांडायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं, आणि आता इतक्या वर्षांनीही वाटतं. मला 'नको'च म्हणायचं होतं, तरीसुद्धा.

परीक्षा झाल्यावर मी किंखेडे मॅडमकडेच नोकरीला लागले. गुरुजी बोलल्याप्रमाणे नमुने आणू लागले. चहाच्या थर्मासमध्ये बर्फ, बर्फात कुप्या, एसटीनं यायचे. प्रत्येक कुपीबरोबर त्या घराची हकीकत असायची, मुलगी कोणाची, मामा कुठले, जमीन किती. मी पट्टी चालवेपर्यंत ते व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे आणि निकाल ऐकूनच परतीची गाडी धरायचे. सुनंदाची पट्टी स्वच्छ निघाली. तिचं लग्न झालं, आता तिचा मुलगा पुण्यात आहे. आमच्या प्रमिलाचंही ठरल्या वेळी झालं. कोणी काही विचारलं नाही.

पुढच्या माघात गुरुजी एकच कुपी घेऊन आले. बाकावर बसले नाहीत. चहा विचारला तर नको म्हणाले.

"कोणाकडचं आहे, मामाजी?" मी विचारलं.

"करडी गावाकडची मुलगी आहे," ते म्हणाले. "मुलगा गढूळ."

नेहमीचे मामा नाहीत, जमीन नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. मुलगा कोण ते मला समजलं आणि मी पुढे काही विचारलं नाही.

आत जाऊन मी थेंब लावला, वीज सोडली आणि स्टुलावर बसून राहिले. मला त्या मुलीच्या पट्टीवर मागे रेंगाळणारं काहीतरी सापडावं असं वाटत होतं. ते वाटत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. रंगवून धुतली, उजेडाला धरली. एकच पट्टा, पुढे गेलेला, अगदी साधा. मी दुसरी पट्टी काढली.

बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. गुरुजी जागचे हलले नव्हते.

"एकच पट्टा आहे, गुरुजी," मी म्हणाले. "सुपारी फोडा."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "तुझ्या मनासाठी आणखी एकदा चालवून पाहतेस का?"

"पाहिली," मी म्हणाले.